फ्लूची लस : विदर्भाचे वेळापत्रक वेगळे आहे

दिवाळी सरली, तुरीला फुलोरा आला आणि पहाटे शेकोट्या पेटू लागल्या की आष्टी (शहीद) तालुक्यातही सरकारी दवाखान्यातली रांग लांबत जाते. अंगदुखी, कोरडा खोकला, फणफणून ताप. कारण विचारले की उत्तर ठरलेले असते, ‘हवा बदलली अन् संत्री जास्त झाली.’ बिचारी संत्री! आंबिया बहाराची तोड नेमकी याच दिवसांत असते, म्हणून सारा दोष त्यांच्या माथी. संत्र्याने फ्लू होत नाही आणि त्यातल्या क जीवनसत्त्वाने तो टळतही नाही. फ्लू होतो इन्फ्लुएन्झा विषाणूने. त्यावर लस आहे आणि ती दरवर्षी घ्यावी लागते. कारण विषाणू रूप बदलत राहतो आणि लसीने आलेली ताकद सहा महिने ते वर्षभरात ओसरते.

पण ही लस घ्यायची कधी? ‘हिवाळा आला, फ्लूची लस घ्या’ हा सल्ला दर नोव्हेंबरात वाचायला मिळतो. तो अमेरिका-युरोपसाठी बरोबर आहे. तिथे फ्लू थंडीत येतो. काश्मीरलाही तो लागू पडतो. महाराष्ट्रात मात्र फ्लूची मोठी लाट बहुतेक वर्षी पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरदरम्यान येते आणि दुसरी जानेवारी ते मार्चमध्ये. २००९ साली स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात नोंदला गेला तो ऑगस्टच्या सुरुवातीला. २०१५ मध्ये नागपूरला याच आजाराने हैराण केले ते फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे नोव्हेंबरात लस घेणाऱ्याची पहिली आणि बहुधा मोठी लाट निघून गेलेली असते. आपल्याकडे लसीचा खरा महिना मे. दंडात सुई टोचल्यावर शरीर तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणजे मृग बरसण्याच्या सुमारास माणूस तयार असतो.

फ्लूला साधी सर्दी समजण्याची सवय महागात पडते. याच भागाने त्याचे दुसरे रूप पाहिले आहे. १९१८ च्या शरद ऋतूत ‘मानमोडी’ने देशभरात एक कोटीहून अधिक माणसे नेली आणि वर्धा ज्यात होता तो मध्य प्रांत सर्वाधिक होरपळलेल्या भागांपैकी होता. तशी साथ रोज येत नाही. धडधाकट तरुण आजही पाच-सात दिवसांत बरा होतो. जीव जातो तो दुसऱ्यांचा : साठी ओलांडलेले, मधुमेही, दमेकरी, हृदयरोगी, गरोदर बाया, पाच वर्षांखालची मुले. त्यातही मृत्यूच्या दाखल्यावर फ्लूचे नाव क्वचितच दिसते. तिथे न्यूमोनिया लिहिलेला असतो किंवा हृदयविकाराचा झटका. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. फ्लूचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण एरवीच्या सहापट आढळले. बीपी-शुगरची गोळी वर्षानुवर्षे नेमाने घेणाऱ्या आजोबांना हे कुणी सांगितलेले नसते.

गरोदर बाईचा मुद्दा आणखी वेगळा. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देता येत नाही. त्याचे संरक्षण आईकडूनच येते. तिने गरोदरपणात लस घेतली, तर तिची प्रतिपिंडे बाळाला पहिले काही महिने सांभाळतात. आता कापूस वेचणीला जाणारी सात महिन्यांची गरोदर बाई डोळ्यांसमोर आणा. एकाच गाडीत दहा-बाराजणी दाटीने बसून शेतावर जातात, त्यातली एक खोकत असते. खासगी दवाखान्यात या लसीला हजार-दोन हजार रुपये पडतात. मजुरीच्या हिशेबात ते बसत नाहीत.

आपल्या राज्याने २०१५ पासून धोरण चांगले स्वीकारले. दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्या गरोदर महिला, मधुमेह व उच्च रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांना ही लस सरकारी दवाखान्यात मोफत व ऐच्छिक ठेवली. इतर राज्यांनी तेव्हा एवढेही केले नव्हते. पण ‘ऐच्छिक’ या शब्दात गोम आहे. जिची माहितीच नाही तिची इच्छा होणार कशी? लस फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांवर बसून राहते आणि तिचा हकदार शेजारच्या खिडकीवर महिन्याच्या गोळ्या घेऊन घरी जातो. वेगळे शिबिर, वेगळी मोहीम, फ्लेक्स यांची गरजच नाही. मे महिन्यात गोळ्यांच्या खिडकीवरच लस ठेवावी. उपकेंद्रात टीडीच्या इंजेक्शनला आलेल्या गरोदर बाईची तिसरी तिमाही जवळ असेल, तर सिस्टरने तेव्हाच विचारावे. अर्थात त्यासाठी साठा पाऊस पडण्याआधी तालुक्याला पोहोचायला हवा. सप्टेंबरात आलेली पेटी कागदोपत्री पोहोचते, रोग्याला उशिरा.

लस शंभर टक्के रोखते असे कुणी सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये. जुळणी चांगली असलेल्या वर्षीही डॉक्टरकडे जावे लागेल असा फ्लू ती साधारण ४० ते ६० टक्के टाळते. ‘लस घेतली तरी सर्दी झालीच’ ही तक्रारही खरी असते, कारण सर्दीचे इतर विषाणू डझनावारी आहेत. आणि लसीनेच फ्लू होतो म्हणावे, तर दंडात टोचल्या जाणाऱ्या या लसीत जिवंत विषाणू नसतो. एखाद दिवस दंड दुखतो, अंग कसकसते, एवढेच.

ज्यांचा मे हुकला त्यांनी आता घ्यायची का? घ्यावी, आणि जानेवारी उजाडण्याआधी घ्यावी. दुसरी लाट पुढे आहे. खोक्यावर कोणत्या हंगामाची लस आहे ते वाचून नवीनात नवीन मागावी. नऊ वर्षांखालच्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदाच देत असाल, तर महिन्याच्या अंतराने दोन डोस लागतात. ज्यांना ताप येऊन दम लागतो आहे, छातीत दुखते आहे किंवा ओठ निळसर दिसताहेत, त्यांनी ‘साहेब, एक सलाईन लावून द्या’ म्हणत दोन दिवस काढू नयेत. फ्लूवरचे ऑसेल्टामिव्हिर पहिल्या ४८ तासांत सुरू केले तर सर्वांत उपयोगी पडते, आणि तालुक्याच्या गावाला यायला शेवटची एसटी संध्याकाळीच निघून जाते.