पल्ल्याचा आकडा आणि मांडवातील गोंगाट

लग्नसराईत मांडवावर घिरट्या घालणारा ड्रोन आता गावोगावच्या यजमानांच्या परिचयाचा झाला आहे. छायाचित्रकाराशी बोलणी चाललेली असोत, किंवा गोदामाच्या छपराची पाहणी करण्यासाठी घरातील तरुण मुलगा वापरलेला ड्रोन विकत घेत असो, समोरचा माणूस एक वाक्य हमखास ऐकवतो : "दहा किलोमीटर रेंज आहे." पिढ्यान्‌पिढ्या तराजू हाताळलेल्या घराने अशा वेळी पहिला प्रश्न विचारावा तो हा, की हे माप कोणते?

कारण मापे येथेही दोन आहेत. डीजेआय कंपनीच्या मिनी २ या ड्रोनचा पल्ला अमेरिकी एफसीसी नियमांनुसार १० किलोमीटर सांगितला जातो, तर युरोपच्या सीई नियमांनुसार ६. यंत्र तेच, फरक आहे तो रिमोटला किती शक्तीने बोलण्याची मुभा आहे याचा. युरोपात २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ही मर्यादा १०० मिलिवॅट आहे, अमेरिकेत ती कितीतरी सैल. पूर्वी 'मण' म्हटले की कोणत्या गावचा मण, हे विचारावे लागे, त्यातलाच हा प्रकार. शिवाय ही दोन्ही मापे मोकळ्या, अडथळा नसलेल्या, इतर लहरींचा उपद्रव नसलेल्या जागेतील आहेत. मिनी ४ प्रो या पुढच्या ड्रोनला एफसीसी मापाने २० किलोमीटरचा पल्ला आहे. पण दाट शहरी उपद्रवात तो सुमारे दीड ते चार किलोमीटरच राहतो, असे कंपनीच्याच तपशीलपत्रकात छापलेले आहे. ग्राहक तेवढे वाचत नाही, एवढेच.

जुन्या मालाच्या बाजारात याहून मोठी फसगत होऊ शकते. 'मिनी एसई' आणि 'मिनी २ एसई' ही नावे कानाला जवळजवळ सारखी आणि ड्रोनही दिसायला भावंडांसारखे. परंतु पहिल्याचा रिमोट वाय-फायच्या सुधारित पद्धतीवर चालतो आणि त्याचा पल्ला एफसीसी मापाने ४ किलोमीटर. दुसऱ्यात ऑक्युसिंक २ ही ड्रोनसाठीच घडवलेली पद्धत आहे आणि पल्ला १० किलोमीटर. ओळखण्याची खूण अशी की पहिल्याच्या रिमोटला वर दुमडते अँटेना दिसतात. दुसऱ्याच्या अँटेना मोबाईल धरणाऱ्या चिमट्यातच दडवलेल्या असतात. (फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर भारतात बंदी आहे, संशोधन, संरक्षण व सुरक्षा यांचा अपवाद वगळून. म्हणून परदेशातून पिशवीत आलेल्या 'स्वस्त' मालाचे कागद आधी पाहावेत.)

ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवायचा, हरित क्षेत्रात उंचीची मर्यादा ४०० फूट, मग दहा किलोमीटर हवेत कोणाला? असा प्रश्न व्यवहारी माणसाला पडेल. त्याचे उत्तर त्याच्याच पेढीत आहे. हा पल्ला दूर जाण्यासाठी नसून राखीव भांडवलासारखा आहे. मंदी आली की गल्ला ज्यावर तरतो, तसा गोंगाट वाढला की संदेश यावर तरतो.

आणि मांडवात गोंगाट असतोच. शेकडो पाहुण्यांचे मोबाईल, त्यांचे हॉटस्पॉट, ब्लूटूथ, सभागृहाचे वाय-फाय, ही सारी २.४ गिगाहर्ट्झच्या त्याच अरुंद गल्लीत दाटी करतात. ५.८ गिगाहर्ट्झची गल्ली बहुधा मोकळी असते, पण तिच्या लहरी झाड, भिंत किंवा माणसांच्या गर्दीपुढे लवकर थकतात. म्हणून दोन्ही पट्टे वापरणारा आणि गर्दी पाहून आपणहून पट्टा बदलणारा रिमोट अधिक भरवशाचा.

रिमोटची तुलना करताना संकेताचा जोर आणि संकेताची शुद्धता यांत गल्लत होऊ देऊ नये. जोर डीबीएममध्ये मोजतात व तो उणे आकड्यांत असतो; उणे ६० हा उणे ९० पेक्षा पुष्कळ चांगला. पण जोर चांगला असूनही भोवतालचा गोंगाट तितकाच मोठा असेल, तर संदेश पोहोचत नाहीत. सुट्या भागांतून ड्रोन बांधणाऱ्या हौशी मंडळींत लोकप्रिय असलेली एक्स्प्रेसएलआरएस ही पद्धत म्हणूनच दोन आकडे वेगळे दाखवते : एक जोराचा, दुसरा किती टक्के संदेश धडपणे पोहोचले याचा. दुसरा आकडा घसरू लागला की पहिल्याकडे पाहून समाधान मानू नये.

सकाळी रिकाम्या मैदानावर घेतलेल्या चाचणीने यातले काहीच कळत नाही. पाहुणे जमल्यावर ड्रोन कोपऱ्यात जमिनीवरच चालू करावा आणि ॲपच्या ट्रान्समिशन पानावरील उपद्रवाचा आलेख पाहावा. रिमोट धरण्याचीही रीत आहे. अँटेनाचे टोक ड्रोनवर रोखले तर संकेत सर्वांत क्षीण होतो. तिची सपाट बाजू ड्रोनकडे हवी. मध्ये स्वतःचे शरीरही येऊ देऊ नये.

संपर्क तुटला की ड्रोन आपोआप माघारी फिरतो, हे खरे. मात्र मिनी २ ला समोरचा अडथळा दिसत नाही. ठरवून दिलेल्या उंचीवरून तो सरळ येतो. त्यामुळे परतीची ही उंची मांडवाचा कळस, विजेच्या तारा आणि शेजारचे झाड यांच्या वर ठेवली आहे ना, हे उड्डाणापूर्वी यजमानाने छायाचित्रकाराला विचारावे. वरात ज्या रस्त्याने यायची, त्या रस्त्यावर परतीचा बिंदू नसावा.