बाईकचा ‘कॅट’ काढला की गाडी खरंच पळते? दावा काय, नियम काय आणि धूर कुणाच्या वाट्याला?

‘कॅट काढून टाक, गाडी मोकळी होईल.’ बीएस-६ बाईक घेऊन गॅरेजला गेलेल्या अनेकांना हा सल्ला मिळतो. पिकअप वाढतो, मायलेज सुधारतं, इंजिन कमी तापतं, असे दावे रील्समधूनही फिरतात. शहरात निदान चौकातला वाहतूक पोलीस गाडी अडवू शकतो. वाशिम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यातील रिठदसारख्या गावात ती शक्यता कमी, कारण आरटीओ कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. त्यामुळे ‘इथं कोण बघतंय’ म्हणत हे काम सहज उरकलं जाऊ शकतं. पण यातून नेमकं मिळतं काय आणि जातं काय?

कॅट म्हणजे काय?

कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रं असलेली ही जाळी इंजिनमधून निघणाऱ्या पाइपमध्ये किंवा सायलेन्सरच्या आत बसवलेली असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापली की ती कामाला लागते. कार्बन मोनॉक्साइडचं रूपांतर कार्बन डायऑक्साइडमध्ये होतं, न जळलेल्या इंधनाचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं, तर नायट्रोजन ऑक्साइडमधून साधा नायट्रोजन बाहेर पडतो.

इथे एक गल्लत होते. सायलेन्सरची ‘पुंगळी’ काढणं आणि कॅट काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुंगळी काढली की आवाज वाढतो. कॅट काढला की विषारी वायू वाढतात, आणि ते ऐकू येत नाहीत. फक्त मागचा डबा बदलला तर अनेक मॉडेल्समध्ये कॅट जागेवर राहतो. पूर्ण एक्झॉस्ट बदलला तर तोही जातो.

पिकअप खरंच वाढतो का?

जाळीमुळे धुराच्या वाटेत थोडा अडथळा येतो, हे खरं. पण कंपनीने इंजिन, इंधनाचं प्रमाण आणि एक्झॉस्ट एकमेकांना जुळवूनच बनवलेलं असतं. बीएस-६ गाड्यांमध्ये किती पेट्रोल सोडायचं हे ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने ईसीयू ठरवतो. हवा आणि पेट्रोलचं प्रमाण साधारण १४.७ : १ राखण्याचा त्याचा प्रयत्न असतो. त्यामुळे १००-१५० सीसीच्या रोजच्या बाईकमध्ये नुसता कॅट काढून हाती फारसं काही लागत नाही. आवाज वाढल्यामुळे गाडी जोरात पळतेय असं वाटतं, एवढंच. उलट सेन्सरची जागा बिघडली किंवा जोड सैल राहिला तर मायलेज घटू शकतं आणि डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागू शकतो. वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं ते वेगळंच.

कधी कधी जाळी खरोखर तुंबते. पण ती सहसा आपोआप तुंबत नाही. इंजिन ऑइल जाळत असेल, पेट्रोल भेसळीचं असेल किंवा स्पार्क प्लग मिसफायर होत असेल, तर जाळी खराब होते. अशा वेळी जाळी काढली तरी मूळ दुखणं तसंच राहतं.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला कलम १८२अ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रदूषणाचे निकष मोडणारी गाडी चालवल्यास कलम १९०(२) लागू होतं. त्यात पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

मग कारवाई कुठे अडते?

राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोड रोलर फिरवल्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. ती कारवाई मुख्यतः आवाजावर असते. शांतपणे चालणारी, पण कॅट नसलेली बाईक त्यात सापडत नाही.

पीयूसी चाचणीतही मर्यादा आहे. पेट्रोल दुचाकी उभी ठेवून, आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजले जातात. नायट्रोजन ऑक्साइड मोजलं जात नाही. म्हणजे हातात पीयूसी आहे म्हणून कॅट जागेवर आहे, असं म्हणता येत नाही.

काढलेली जाळी जाते कुठे?

२०२१ मध्ये ऱ्होडियमचा भाव जागतिक बाजारात एका औंसाला २९ हजार डॉलरच्या आसपास गेला होता. त्याच सुमारास महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जाण्याचे प्रकार घडले. चोरांना हवी होती ती आतली जाळीच. बाईकच्या जाळीत हे धातू अगदी थोडे असतात, पण ती फुकट भंगार नक्कीच नाही. त्यामुळे ‘काढून टाकतो’ म्हणणाऱ्याला तो तुकडा परत मागून बघावा.

धूर कुणाच्या वाट्याला?

देशातल्या नोंदणीकृत वाहनांपैकी सुमारे तीन चतुर्थांश दुचाकी आहेत. म्हणून बीएस-६ मध्ये दुचाकीला किलोमीटरमागे १ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड आणि ०.०६ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड अशी मर्यादा घातली गेली. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो रक्तातल्या ऑक्सिजनची जागा घेतो. बंद गॅरेजमध्ये दिवसभर गाड्या रेझ करणाऱ्या मेकॅनिकला, अंगणात गाडी सुरू असताना शेजारी खेळणाऱ्या मुलाला त्याचा धोका सगळ्यात आधी.

दुसरा परिणाम दूरचा आहे. नायट्रोजन ऑक्साइड आणि हायड्रोकार्बन उन्हात एकत्र आले की जमिनीलगत ओझोन तयार होतो. ओझोनला लवकर बळी पडणाऱ्या पिकांमध्ये सोयाबीनचा समावेश होतो, आणि वाशिम हा सोयाबीनचा जिल्हा. एका बाईकने पीक घटणार नाही. पण ‘माझ्या एकट्याने काय होतं’ असं म्हणणारे हजारो झाले, तर हिशोब बदलतो.

कॅट आधीच काढला असेल, तर त्याच मॉडेलचा कंपनीचा पाइप परत बसवणं हाच सरळ मार्ग. आणि गाडी खरंच ओढत नसेल, तर एअर फिल्टर, स्पार्क प्लग, चेन आणि टायरमधली हवा आधी तपासून घ्यावी. त्यात खर्चही कमी येतो आणि चलनही फाटत नाही.