झाकणाची कागदी पेटी : करू दे की त्यांना!



दर वर्षी संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या वर्गात तिळगुळासाठी कागदी पेट्या करतो. जुन्या कॅलेंडरचे चौकोनी कागद घ्यायचे. डिंक नाही, स्टेपलर नाही, कात्री फक्त चौकोन कापण्यापुरती. एका कागदाची पेटी, दुसऱ्याचं झाकण. कार्यानुभवाचे दोन तास पुरतात. खर्च शून्य.

या पेटीबद्दल माझं एक मत झालंय आणि ते मला माझ्याच चुकीतून शिकायला मिळालं. ते असं : पेटी मुलाने पहिल्या घडीपासून शेवटच्या घडीपर्यंत स्वतः करायची. बाईंनी, गुरुजींनी, आईने, ताईने, कुणीही त्या कागदाला हात लावायचा नाही. पेटी वाकडी झाली तरी नाही.

वाचायला सोपं वाटतं. पाळायला फार कठीण आहे.

काय झालं होतं

चारेक वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेत पालक सभा होती आणि मुलांच्या वस्तूंचं छोटंसं प्रदर्शन मांडायचं होतं. चौथीच्या मुलांनी तिळगुळाच्या पेट्या केल्या होत्या. कुणाच्या कडा जुळलेल्या नव्हत्या, कुणाचं झाकण फाकलेलं. मला वाटलं, पालक येणार, केंद्रप्रमुख येणार, फोटो निघणार. हे असं कसं मांडायचं? आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मी एकटीच वर्गात बसले आणि त्यातल्या दहा-बारा पेट्या उलगडून पुन्हा घडी घालून ठेवल्या. काहींना तर नवीनच कागद घेतला. नावाच्या चिठ्ठ्या मात्र मुलांच्याच लावल्या.

प्रदर्शन छान झालं. सगळ्यांनी कौतुक केलं. संध्याकाळी मुलं आपापल्या पेट्या घेऊन गेली. टेबलावर एकच राहिली. मी त्या मुलीला हाक मारली, म्हटलं, "अगं, तुझी पेटी राहिली."

ती म्हणाली, "बाई, ही माजी नाय."

"अगं, नाव आहे ना तुझं त्यावर."

"नाव माजा हाय. पेटी माजी नाय."

तिचे बाबा मिरकरवाड्यातून बोटीवर जातात. गेले की आठ-दहा दिवस समुद्रात. ते परत आले की द्यायला म्हणून तिने ती पेटी केली होती. तिच्या पेटीची एक बाजू उंच, एक बुटकी झाली होती, आणि ती मी 'नीट' केली होती. तिला ते पेटी हातात घेताक्षणी कळलं. बाकीच्या मुलांनाही कळलं असणार. ती फक्त काही बोलली नाहीत, एवढंच.

मला त्या दिवशी काही उत्तर देता आलं नाही. घरी जाताना डी.एड.चे दिवस आठवले. कार्यानुभवाच्या फाईलमध्ये लावायला मी स्वतः मैत्रिणीकडून दोन नमुने करून घेतले होते आणि त्याला चांगले गुण पडले होते. त्यातला एक नमुना आजही मला करता येत नाही.

पेटी कशी करायची

पुढचं म्हणणं नीट कळावं म्हणून आधी कृती सांगते. ज्यांना येते त्यांनी पुढे जावं.

चौकोनी कागद घ्या, समजा २० सेंमीचा. जी बाजू बाहेर दिसायला हवी ती खाली ठेवा. मध्यावर आडवी आणि उभी घडी घालून उघडा, म्हणजे बरोबर मध्य मिळतो. आता चारही कोपरे त्या मध्यावर आणा. कागद लहान चौकोन होतो. या चौकोनाच्या समोरासमोरच्या दोन कडा मधल्या रेघेपर्यंत आणा, नखाने दाबा, उघडा. उरलेल्या दोन कडांचंही तसंच करा. मग समोरासमोरचे दोन कोपरे पूर्ण उघडा, दुसरे दोन मध्यावरच राहू द्या. ज्या बाजूंचे कोपरे मध्यावर आहेत त्या दोन बाजू उभ्या करा. या झाल्या दोन भिंती. आता उघडलेल्या एका टोकाकडे बघा. तिथे आधीच पडलेल्या तिरक्या घड्या आहेत. त्या आत ढकलल्या की तिसरी भिंत उभी राहते आणि लांब टोक तिच्यावरून आत येऊन तळाला बसतं. चौथ्या बाजूला तेच. चारही टोकं तळाच्या मध्यावर भेटली की पेटी झाली.

झाकणही असंच करायचं. फक्त ते थोडं मोठं हवं. आणि मुलांचा खरा अभ्यास इथेच सुरू होतो.

झाकण का बसत नाही?

पूर्वी मी दोन मापांचे कागद कापूनच मुलांच्या हातात द्यायचे. आता देत नाही. सगळ्यांना सारखेच, २० सेंमीचे दोन-दोन कागद देते. पेटी होते, झाकण होतं, आणि झाकण बसत नाही. जोर लावला तर कोपरे फाटतात.

मग वर्गात गोंगाट होतो. तो होऊ द्यायचा. मागच्या वर्षी एक जण म्हणाला, "झाकण मोठा करूया." दुसरी म्हणाली, "कागद तेवढाच हाय, मोठा कुठून करशील? खालची पेटी बारकी कर." मग एका गटाने खालच्या पेटीचा कागद १ सेंमीने कमी केला. झाकण बसलं, पण खडखडायला लागलं. दुसऱ्या गटाने अर्धा सेंमी कमी केला. ते बरोबर बसलं. एका मुलाच्या घरी हापूसची कलमं आहेत. तो म्हणाला, "बाई, अर्धा सेंटिमीटर म्हणजे कायच नाय, तरी फरक पडतो!"

त्याला मोजायला सांगितलं. कागद अर्धा सेंमी कमी केला की पेटीची रुंदी दोन मिलिमीटरपेक्षाही कमी फरकाने बदलते. आणि झाकण बसणं न बसणं तेवढ्या फरकावर ठरतं. चौथीच्या मुलाला मिलिमीटर कशाला लागतो, हे पट्टीवरच्या रेघा मोजायला लावून मला कधी नीट सांगता आलं नव्हतं.

कागद न कापताही एक युक्ती आहे. झाकण करताना कडा मधल्या रेघेला टेकवायच्या नाहीत, दोन्ही कडांमध्ये गव्हाच्या दाण्याएवढी फट ठेवायची. झाकण थोडं रुंद आणि किंचित बुटकं होतं, आणि बसतं. पण ही युक्ती सुरुवातीलाच सांगितली की वरचा सगळा गोंगाट हुकतो. म्हणून ती शेवटी सांगायची. कधीकधी एखादं मूल ती आपणहून शोधतं.

गणित आहेच

काही पालक विचारतात, शिष्यवृत्तीचा सराव सोडून हे कागदाचे खेळ कशाला? त्यांनी एकदा घरी ही पेटी उलगडून बघावी.

चारही कोपरे मध्यावर आणले की कागदाचं क्षेत्रफळ बरोबर निम्मं होतं, कारण तो सगळीकडे दुहेरी झालेला असतो. ४०० चौरस सेंमीचे २०० होतात. सूत्र न वापरता हे मुलाला डोळ्यांनी दिसतं. मग त्या लहान चौकोनाचे चार सारखे पट्टे होतात. मधल्या दोन पट्ट्यांचा तळ आणि बाहेरच्या एकेकाची भिंत. म्हणून पेटीची उंची नेहमी रुंदीच्या निम्मी येते, कागद कितीही मोठा घ्या. २० सेंमीच्या कागदाची पेटी साधारण ७ सेंमी रुंद आणि साडेतीन सेंमी उंच होते. पाचवीला त्रिमितीय वस्तू आणि घडणी येतात, त्याची तयारी इथेच होते.

या पेटीचं मूळ नावही मापाचंच आहे. जपानमध्ये तांदूळ मोजायच्या चौकोनी लाकडी मापाला 'मासू' म्हणतात, त्याच्यावरून ही मासू पेटी. आपल्याकडे पायली, अधोली, शेर, तसं त्यांच्याकडे 'गो' हे माप. एक गो म्हणजे साधारण १८० मिली. गंमत म्हणजे आपल्या २० सेंमीच्या कागदाच्या पेटीत काठोकाठ साधारण १७५ मिली मावतं, म्हणजे जवळजवळ एक गो. तांदूळ भरून मापाच्या पेल्यात ओतून बघा. मुलांच्या आजीला बोलावून पायली-शेराचं गणितही विचारा. आमच्याकडे दोन आज्या आल्या होत्या, मुलांपेक्षा त्यांनाच जास्त मजा आली.

कागदाच्या घड्यांतून गणित ही काही आजची कल्पना नाही. टी. सुंदर राव यांचं कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं इंग्रजी पुस्तक १८९३ साली मद्रासला प्रसिद्ध झालं. बालवाडीतल्या कागदकामावरून ते सुचलं, असं त्यांनी प्रस्तावनेत म्हटलंय. आपल्या मराठीत डॉ. अनिल अवचटांनी ओरिगामीचा छंद आयुष्यभर जपला आणि त्यावर लिहिलंही. म्हणजे मोठ्या माणसांनी हा खेळ गंभीरपणे घेतलेला आहे. आपणच तो 'उरलेल्या तासाचं काम' करून टाकला.

मग नीटनेटकेपणा नको का?

हा प्रश्न माझ्या सहकारी बाईंनी विचारला आणि तो योग्यच आहे. वाकडी पेटी चालेल म्हटलं तर मुलं कायमच वाकडं काम करतील, असं त्यांचं म्हणणं.

माझं उत्तर असं की नीटनेटकेपणा दुसऱ्या आणि तिसऱ्या पेटीतून येतो. आपण मध्ये हात घातला की मूल पहिल्या पेटीवरच थांबतं. मोदकाच्या कळ्या आपण कशा शिकलो? पहिला मोदक फुटला, दुसरा बसका झाला, आईने तो तसाच चाळणीत ठेवला आणि पुढची पारी हातात दिली. आईने आपले सगळे मोदक परत वळले असते तर आज आपल्याला उकडीचे मोदक आले नसते.

म्हणून आता प्रत्येक मुलाला तीन पेट्या करायला लावते. जुनी कॅलेंडरं गावात घरोघरी मिळतात, कागदाला तोटा नाही. पहिली आणि तिसरी शेजारी-शेजारी मांडते, दोन्हींवर त्याचंच नाव. पालक सभेत आता हेच प्रदर्शन असतं. पालक आधी पहिलीला हसतात, मग तिसरी हातात घेऊन बघतात आणि गप्प होतात. वर्णनात्मक नोंदी लिहायलाही मला आता शब्द शोधावे लागत नाहीत. 'कडा जुळवण्याआधी घाईने दाबतो', 'झाकणाचं माप स्वतः शोधलं', असं जे दिसलं ते लिहिते.

अडलेल्या मुलाला मदत करायचीच, पण त्याच्या कागदावर नाही. मी वर्तमानपत्राचा मोठा चौकोन घेऊन शेजारी बसते आणि माझ्या कागदावर तीच घडी सावकाश घालते. शेजारच्या मुलालाही हाच नियम. तोंडाने सांग, आपल्या कागदावर दाखव, त्याच्या कागदाला हात नको. पहिले काही दिवस मी खरोखर हात पाठीमागे बांधून वर्गात फिरायचे, कारण हात आपोआप पुढे जायचे.

पालकांना एक विनंती

'प्रकल्प' म्हटलं की रात्री अकराला आई कागद कापत बसलेली असते आणि मूल झोपलेलं असतं, हे आम्हाला माहीत आहे. त्यात आमचाही दोष आहे. आम्हीच सुंदर वस्तूला शाबासकी देत आलो. दुकानात तयार पेट्याही मिळतात, चकचकीत, रिबिन लावलेल्या. त्या जरूर विकत घ्या, पण मुलाच्या नावाने शाळेत पाठवू नका.

मुलाची पेटी घरी आली तर 'अगं, ही बाजू वाकडी झाली' असं आधी म्हणू नका. वाकडी झालीय हे त्याला तुमच्या आधीच माहीत असतं. 'कशी केलीस, दाखव की' म्हणा आणि एक कागद हातात द्या. तो तुम्हाला शिकवेल. तेव्हा चूक करायची पाळी तुमची असेल, आणि ते त्याला फार आवडेल.

त्या मुलीचं पुढे काय झालं, ते सांगून थांबते. दुसऱ्या दिवशी मी तिची आणि सगळ्या वर्गाची माफी मागितली. तिला दुसरे कागद दिले. तिने कॅलेंडरवरून बाबांच्या वाढदिवसाचा महिना शोधला आणि ती तारीख झाकणाच्या मधोमध यावी म्हणून कागद दोनदा चुकीचा कापला. तिसऱ्यांदा जमलं. घडीमुळे आकडे तिरके आले, पण तारीख बरोबर मध्यावर आली.  झाकण जरा घट्टच बसत होतं. मी काही बोलले नाही.

बाबा त्यात सुटे पैसे ठेवतात, असं तिने नंतर सांगितलं. आणि म्हणाली, "बाई, झाकण आता सैल झालाय. बरोबर बसतंय."