डोंगरावरचे पंखे, गावची जमीन आणि आपली सही



आखाजीला गावी जाऊन आलो तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळतेय. गोष्ट माझ्या घरातली आहे, पण गोडादरा, डिंडोली, लिंबायत भागातल्या आपल्या पुष्कळ घरांत आज ना उद्या हाच प्रश्न येणार आहे, म्हणून इथं लिहितो. जरा लांब झालंय, पण वाचा.

सुरतहून गावी जाताना विसरवाडी सोडली, कोंडाईबारीचा घाट चढला, की दहिवेल-साक्रीकडच्या डोंगरांवर ते मोठे पंखे दिसायला लागतात. माझी मुलगी लहानपणी बसच्या खिडकीतून ते मोजायची. वीस-पंचवीसपर्यंत गेली की चुकायची आणि पहिल्यापासून सुरू करायची. तिच्यासाठी पंखे दिसले म्हणजे गाव आलं. ब्राह्मणवेलच्या त्या पठारावर आता पवनचक्क्यांचं जंगलच उभं आहे, आणि देशातल्या मोठ्या पवन प्रकल्पांत त्याचं नाव घेतात.

या पंख्यांचं मूळ आपल्या सुरतेतच आहे, हे पुष्कळांना माहीत नसेल. तुलसी तांती मूळचे राजकोटचे, सुरतेत त्यांचा कापडाचा धंदा. विजेचं महागडं बिल आणि बेभरवशाचा पुरवठा याला कंटाळून त्यांनी कारखान्यासाठी दोन पवनचक्क्या घेतल्या. त्यातूनच १९९५ साली सुझलॉन कंपनी उभी राहिली. साक्री तालुक्यातल्या बऱ्याच पवनचक्क्या याच कंपनीच्या. तांती २०२२ मध्ये वारले.

माझे वडील उधन्याला लूमवर होते. मीटरवर मजुरी. लाइट गेली की लूम बंद, आणि लूम बंद की मजुरी बंद. आबा सांगायचे, अंधारात तासन् तास बसून राहायचो, घरीही जाता यायचं नाही, कारण लाइट कधी येईल याचा नेम नाही. म्हणजे शेठला विजेचं दुखणं होतं तसं कामगारालाही होतं. शेठला त्यावर पवनचक्की सापडली. आणि गंमत बघा, खान्देशातला माणूस पोटासाठी सुरतेला आला, आणि सुरतेत सुचलेली पवनचक्की जाऊन खान्देशातल्या डोंगरावर बसली.

मी पवनचक्कीच्या किंवा सोलरच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो. कोळशाचा धूर नको हे शाळेतल्या पोरालाही कळतं. सव्वा मेगावॅटचा एक पंखा, वारा बरा लागला तर, वर्षाला वीस लाख युनिटच्या आसपास वीज देतो. आपल्यासारख्या आठ-नऊशे घरांचं वर्षाचं काम भागेल एवढी. वारा पावसाळ्यात जोरात असतो, म्हणजे ढगांमुळे सोलर कमी चालतं नेमकं तेव्हा. आपल्या सुरत महानगरपालिकेनंही पाण्याच्या पंपांचं बिल कमी करायला पोरबंदरकडे अडोदरला स्वतःच्या पवनचक्क्या बसवल्या, पुढे आणखी घेतल्या. महापालिकेनं स्वतः पवनचक्की घ्यायची ही देशातली पहिलीवहिली उदाहरणं. आपल्या नळाला पाणी येतं त्यात थोडा वाराही आहे म्हणा ना.

आता घरातली गोष्ट.

आबा गेल्यावर सातबाऱ्यावर आम्हा तिघांची नावं लागली. मी, धाकटा भाऊ आणि बहीण. चार एकर कोरडवाहू. कसतो एकटा भाऊ. मागच्या वर्षी एका दलालाचा फोन आला. सोलरसाठी जमिनी गोळा करतोय म्हणाला. कुठल्या कंपनीसाठी, ते नीट सांगेना. भाव मात्र बरा सांगत होता. तेव्हा माझ्या रो-हाउसचे हप्ते चालू, मुलीच्या कॉलेजची फी तोंडावर. मी फोनवरच "चालेल" म्हणून टाकलं. भावाला विचारलंच नाही.

आखाजीला गेलो तर दलाल फाइल घेऊन मोटारसायकलवर हजर. भाऊ त्याच्यासमोर काही बोलला नाही. चहा पाजला, वाटेला लावला. मग मला शेताच्या बांधावर घेऊन गेला आणि एवढंच म्हणाला, "भाऊ, तुन्हं घर सुरतले शे. मन्हं घर हाईच शे."

मला वर बघवेना. त्याच रात्री त्याला दोन वाजता मोटार चालू करायला उठताना पाहिलं. शेतीची लाइट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. हातात बॅटरी, पायात गमबूट, कारण साप-विंचवाची भीती. आणि समोर डोंगरावर पंख्यांचे लाल दिवे लुकलुकत होते. वीज डोक्यावर तयार होते आणि खाली माणूस मध्यरात्री लाइटची वाट बघतो. असं का, तर पंख्याची वीज मोठ्या वाहिनीतून सबस्टेशनला आणि तिथून राज्यभर जाते. गाव जवळ आहे म्हणून गावाला आधी मिळेल असं काही नसतं. हिशेब कागदावर बरोबर असेल, पण बांधावर उभं राहून तो पटत नाही.

आपल्या भागात या हिशेबाचा फार कडू अनुभव आहे. शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणचे धर्मा पाटील आठवत असतील. ऐंशीच्या घरातला शेतकरी. सौर प्रकल्पासाठी गेलेल्या पाच एकरांचा मोबदला चार लाखांच्या आसपास मिळाला, शेजाऱ्यांना त्याहून कितीतरी जास्त. दाद मागत फिरले. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतलं आणि २८ जानेवारीला मुंबईत गेले. साक्रीत पवनचक्क्यांसाठी वनजमीन दिली गेली, तेव्हा ती पिढ्यान् पिढ्या कसणाऱ्या आदिवासी बांधवांनीही हक्कासाठी मोर्चे काढले. वीज स्वच्छ आहे म्हणून तिचा व्यवहारही आपोआप स्वच्छ होतो असं नाही.

आणि या व्यवहारात आपणही आहोत, हे मला बांधावर कळलं. कंपनीला, सरकारला नावं ठेवणं सोपं आहे. पण गावच्या कितीतरी सातबाऱ्यांवर सुरतेत राहणाऱ्यांची नावं आहेत. दलालाला हे पक्कं ठाऊक असतं. तो आधी गावात जात नाही, गोडादऱ्यात फोन लावतो. आपल्याला हप्ते असतात, जमीन डोळ्यांसमोर नसते, म्हणून आपण लवकर "हो" म्हणतो. मग कसणाऱ्यावर दबाव येतो.

तर माझं म्हणणं असं.

जो कसतो त्याला विचारल्याशिवाय सही नाही. कायद्यानं हिस्सा सारखा असेल, पण घाम सारखा नाही. आणि बहिणीला "इथं अंगठा दे" म्हणून गृहीत धरायचं नाही, तिलाही बसवून सगळं सांगायचं.

दुसरं, जमीन शक्यतो विकायची नाही, भाड्यानं द्यायची. महाराष्ट्र सरकारच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत, २०२३ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात, जमिनीला वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये भाडं आणि दरवर्षी तीन टक्के वाढ ठरलेली आहे. ही योजना शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी म्हणूनच आहे. आपली जमीन सबस्टेशनजवळ आहे का, नियमात बसते का, ते आधी बघा. विकून आलेला पैसा दोन वर्षांत घराच्या फरशीत आणि लग्नात जातो. भाडं दरवर्षी येतं आणि सातबारा आपलाच राहतो.

तिसरं, आधी आपली गच्ची. गावाच्या जमिनीवर सोलर लावा म्हणणारे आपण, आपल्या गच्चीवर काय आहे? पाण्याची टाकी आणि वाळत घातलेले पापड. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार रुपये सबसिडी आहे. त्याला साधारण तीनशे चौरस फूट मोकळी जागा लागते आणि ऊन चांगलं असेल तर दिवसाला बारा युनिटच्या आसपास वीज मिळते. मी दिवाळीनंतर बसवलं. पापड आता एका कोपऱ्यात वाळतात, सौभाग्यवतींची तेवढी कुरकुर आहे. पण आमच्या गल्लीतल्या प्रत्येक गच्चीवर जेवढी वीज तयार होईल, तेवढी गावाकडची जमीन कमी लागेल, असा माझा साधा हिशेब आहे.

आमच्या जमिनीचं अजून ठरलेलं नाही. दलालाला आम्ही तिघांनी मिळून सांगितलं, विकायची नाही, भाड्यानं हवी असेल तर कंपनीच्या माणसाला घेऊन ये आणि कागद मराठीत दाखव. तो अजून आलेला नाही. भाऊ मात्र आता स्वतःहून फोन करतो. परवा विचारत होता, "तुन्ही गच्चीवरनी लाइट कशी चालस?"

तुमच्या गावी असा फोन आला होता का? काय केलंत? खाली जरूर लिहा. विकून पस्तावलेले असतील त्यांनीही लिहा, आणि विकून बरं झालं असेल तर तेही. एकमेकांना कळू तरी दे.