बेटाचा हंगाम आणि घराचे पंचांग

लोहगावचे विमानतळ येरवड्यापासून इतके जवळ आहे की, दुकानाच्या गल्ल्यावर बसल्या बसल्या विमानांची घरघर कानी येते. तरीही या भागातील व्यापारी कुटुंबांचा समुद्रापारचा प्रवास वर्षानुवर्षे पुढे ढकलला जातो. कधी लग्नसराई आडवी येते, कधी मार्चअखेर, तर कधी मुलांच्या परीक्षा.

एखाद्या किराणा व्यापाऱ्याचे घर डोळ्यांसमोर आणावे. मुलाने ऑगस्टमधील अंदमान सहलीची स्वस्त जाहिरात पाहिली आहे. सुनेला मे महिना सोयीचा वाटतो, कारण तेव्हा शाळेला सुट्टी असते. सत्तरी ओलांडलेल्या आजींचे म्हणणे एवढेच की, चातुर्मासात प्रवास नको आणि चौविहार मोडू नये. गुडघे चालतात तोवर सेल्युलर जेल एकदा पाहावे, ही त्यांची जुनी इच्छा. स्वातंत्र्यवीर सावरकर १९११ मध्ये त्या तुरुंगात गेले आणि १९२४ च्या जानेवारीत त्यांची सुटका झाली ती येरवड्याच्या तुरुंगातून. त्यामुळे काळ्या पाण्याची गोष्ट या परिसराला परकी नाही.

अशा घराने प्रथम वाऱ्याचे गणित समजून घ्यावे. नैर्ऋत्य मोसमी पाऊस केरळात साधारणतः १ जूनला पोहोचतो. अंदमानच्या समुद्रावर मात्र तो मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यातच उतरतो. तो ओसरतो न ओसरतो तोच ईशान्य मोसमी वारे सुरू होतात आणि डिसेंबरपर्यंत सरी देत राहतात. या द्वीपसमूहावर वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर, म्हणजे पुण्याच्या जवळजवळ चौपट पाऊस पडतो. बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळेही प्रामुख्याने मे महिन्यात आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात उठतात. समुद्र शांत आणि आकाश निरभ्र असण्याचा खात्रीचा काळ उरतो तो जानेवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंतचा.

ऑगस्टची सवलत उदारपणाने दिलेली नसते. ती जोखमीची किंमत असते. समजा, सहा दिवसांच्या सहलीचा खर्च जानेवारीत माणशी ६०,००० रुपये आणि ऑगस्टमध्ये ४५,००० रुपये आहे. पावसामुळे सहापैकी तीन दिवस खोलीत बसावे लागले, स्वराज द्वीपाकडे जाणारी बोट रद्द झाली, तर हाती आलेला प्रत्येक दिवस १५,००० रुपयांना पडला. जानेवारीतील दिवस १०,००० रुपयांनाच मिळाला असता. खरेदीचा भाव पाहताना घट वजा करावी लागते, हे व्यापाऱ्याला निराळे सांगण्याची गरज नाही.

आजींचा आग्रहही याच हिशेबाशी जुळतो. पावसाळ्यात जीवोत्पत्ती वाढते म्हणून साधू-साध्वींचा विहार थांबतो आणि श्रावकही प्रवास आवरता घेतात. शत्रुंजयाची यात्रासुद्धा चातुर्मासात बंद राहून कार्तिकी पौर्णिमेला पुन्हा सुरू होते. म्हणजे धर्माने जो काळ घरी राहण्याचा ठरवला, तोच समुद्राच्या दृष्टीनेही घरी राहण्याचा आहे.

आता दुकानाचा विचार. जीएसटीचे मासिक विवरणपत्र २० तारखेपर्यंत भरून झाले की, २१ जानेवारी ते १० फेब्रुवारी हा अवधी बऱ्यापैकी मोकळा सापडतो. संक्रांत झालेली असते, मार्चअखेरची धावपळ अजून दूर असते. प्रजासत्ताक दिनाला जोडून येणाऱ्या सुट्टीत विमानभाडे चढते, तेवढे दिवस टाळावेत. लहान इयत्तेतील मुलांची चार-पाच दिवसांची गैरहजेरी भरून काढता येते. घरात दहावी-बारावीचा विद्यार्थी असेल, तर मात्र ते वर्ष सोडून द्यावे.

एक बाब आधीच ध्यानी धरावी. अंदमान पुण्याच्या बरेच पूर्वेला असले, तरी घड्याळ दोन्हीकडे एकच चालते. जानेवारीच्या आरंभी पुण्यात सूर्यास्त सहा वाजून गेल्यावर होतो, तर पोर्ट ब्लेअर, म्हणजे आजचे श्री विजयपुरम, येथे तो सव्वापाचच्या आतच होतो. घरच्या सवयीने साडेपाचला जेवायला बसल्यास चौविहार मोडलेला असेल. म्हणून बोटीचा प्रवास सकाळचा ठेवावा, हॉटेलला कंदमुळाविना जेवण साडेचारपर्यंत देण्याविषयी लेखी कळवावे आणि खाखऱ्याचा डबा सोबत असू द्यावा. सूर्योदयही तितकाच लवकर होत असल्याने नवकारशी मात्र सकाळी साडेसहाच्या सुमारासच पाळता येते.

ज्यांना मे महिन्याखेरीज सवडच नाही, त्यांनी विषुववृत्ताच्या दक्षिणेकडे पाहावे. मॉरिशसमध्ये चक्रीवादळांचा जोर जानेवारी ते मार्च असतो; मे महिन्यात तेथे उकाडा ओसरून हवा सुखद होते. श्रीलंकेतही नैर्ऋत्य किनाऱ्यावर मे महिन्यात पाऊस सुरू होतो, तेव्हा त्रिंकोमालीचा पूर्व किनारा कोरडा असतो. मालदीवचा कोरडा काळ मात्र डिसेंबर ते एप्रिल असा, अंदमानशी मिळताजुळता आहे.

सर्वांच्या सोयीचा दिवस आपोआप उगवत नाही. तो आधी राखून ठेवावा लागतो. चातुर्मासात घरी बसून बेत आखावा, भाड्यांची चौकशी करावी आणि दिवाळीत नव्या वहीचे पूजन झाले की, पहिल्या पानांवर येण्या-जाण्याच्या व्यवहारांबरोबर सहलीच्या तारखाही लिहून टाकाव्यात. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत तिकिटे हाती असावीत आणि त्यांतले पहिले तिकीट आजींच्या नावाचे असावे.