तारण ठेवलेले सोने आणि बदललेले राज्य

१९९९च्या जुलै महिन्यातली गोष्ट. कारगिलची लढाई चालू होती आणि मी इंदापूरच्या शाखेत अधिकारी होतो. आडसाली लागणीचे दिवस, त्यामुळे सोनेतारण कर्जाला गर्दी. एका मावशींची बोरमाळ आणि पाटल्या सराफाने कसाला लावल्या, वजन झाले, पिशवीला लाखेचे सील बसले. कागदावर अंगठा उठवून झाला तरी मावशी उठेनात. त्यांचा धाकटा मुलगा फौजेत होता. म्हणाल्या, "सायेब, लढाई हितवर आली आन् सरकारच बदललं, तर माझं सोनं म्या कुणाकडं मागायचं?"

शाखेतले सगळे हसले. मीही हसलो. "मावशी, सोनं तिजोरीत आहे, दोन किल्ल्यांत आहे, घोर करू नका," असे सांगून त्यांची बोळवण केली. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता, हे मला तेव्हाही ठाऊक होते. गोव्याची हकीकत मी आठ वर्षांपूर्वीच वाचली होती.

पोर्तुगिजांची 'बांको नासिओनाल उल्त्रामारिनो' ही बँक १८६४ साली लिस्बनमध्ये निघाली आणि १८६८ मध्ये गोव्यात आली. नोटा छापण्याचा अधिकार तिचाच. गोवेकर गरजेला तिच्याकडे दागिने गहाण ठेवत, जसे आपल्याकडे ठेवतात तसेच. १९६१च्या अखेरीस भारतीय सैन्य येणार अशी चिन्हे दिसू लागली, तेव्हा हे तारण सोने लिस्बनला रवाना झाले. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. सोने लिस्बनला, पावत्या म्हापसा-मडगावच्या ट्रंकांत! १९७४च्या डिसेंबरअखेर करार होऊन पोर्तुगालने गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. तरी सोने परत यायला १९९१ साल उजाडले. तीस वर्षे. ज्या मुलीच्या लग्नासाठी बांगड्या सोडवायच्या होत्या, ती एव्हाना स्वतः सासू झालेली.

बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला यातले काय डाचते, ते सांगतो. ठेव ही बँकेचे देणे असते. बँक बुडाली तर ठेवीदार रांगेत उभा राहतो. तारणाची गोष्ट वेगळी. १८७२च्या करार कायद्याप्रमाणेसुद्धा गहाण वस्तूची मालकी गहाण ठेवणाराचीच राहते. ती पिशवी बँकेची नव्हेच. दुसऱ्याची वस्तू समुद्रापार नेली आणि मालकाला वाऱ्यावर सोडले, असा सरळ अर्थ होतो.

पण एकट्या पोर्तुगिजांना बोल लावून आपल्याला सुटता येणार नाही. थोडे मागे, पुण्यात जाऊ. नोव्हेंबर १८१७ मध्ये पुणे इंग्रजांच्या हाती आले, पुढच्या मे महिन्यात रायगड पडला. रायगडाचा किल्लेदार नारो गोविंद औटी हा बाजीरावाचा खजिना सांभाळणारा. तह करून तो पुण्यात आला, तर पुण्याचा कलेक्टर कॅप्टन रॉबर्टसन याने त्याची मोहरांची पुंजी जप्त केली. सरकारचे म्हणणे, हा पेशव्याचा पैसा. औटीच्या वारसदारांचे म्हणणे, हा खासगी. मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने दावेदारांना न्याय दिला. पुण्यात शांतता होती, कोर्टे चालू होती, मग ही लूट युद्धातली कशी, हा त्यांचा मुद्दा बिनतोड वाटतो. 'एल्फिन्स्टन विरुद्ध बद्रीचंद' या नावाने तो खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १८३० मध्ये निकाल फिरला. युद्ध पुरते संपलेले नव्हते, ही शत्रूच्या मालाची जप्ती होती, सबब दिवाणी कोर्टाला त्यात हात घालता येत नाही! पैसा खरोखर कोणाचा, हे पाहण्याची वाटच बंद झाली.

पुढे १९०७च्या हेग नियमांनी व्याप्त प्रदेशातली खासगी मालमत्ता जप्त करू नये, सैन्याने हात लावायचा तो फक्त सरकारी रोकड-रकमेला, असे ठरवले. कागदावर उत्तम. पण मुलूख जिंकून सामील करून घेतला की तो 'व्याप्त' राहत नाही. गोव्याबाबत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये मोंतेरो खटल्यात हेच म्हटले. त्याआधी १९६५ मध्ये दमणच्या एका व्यापाऱ्याचे प्रकरण आले होते. पोर्तुगीज अमदानीच्या अखेरच्या महिन्यांत त्याने आयात परवाने मिळवले होते. न्यायालयाने सांगितले, जुन्या राज्याने दिलेला हक्क नव्या राज्याने मान्य केला तरच टिकतो. ते परवाने घाईघाईत मिळवलेले होते, मला त्या व्यापाऱ्याची फारशी दया येत नाही. तत्त्व मात्र एल्फिन्स्टनच्या कुळातले. गोवा मुक्त झाल्याचा आनंद मला आजही आहे. विजेत्याचे हे तत्त्व आपण इतक्या सहज अंगाला लावून घेतले, याचे वाईट वाटते.

वेगळे करता येते, हे कुवेतने दाखवले. १९९०च्या इराकी आक्रमणात पगार, बचत, दुकाने सोडून पळालेल्यांत लाखाहून अधिक भारतीय होते. संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या आयोगाने इराकच्या तेलाच्या पैशातून भरपाई दिली, २०२२ मध्ये शेवटचा हप्ता चुकता झाला. एकूण सुमारे ५२ अब्ज डॉलर. त्या आयोगाने व्यक्तींचे लहान दावे आधी निकालात काढले, कंपन्या आणि सरकारे मागाहून. आमच्याकडे कर्जवसुलीचा क्रम नेमका उलटा असतो, असो.

गोव्यातही १९६२ साली हे जमले असते, असे माझे मत आहे. पावत्या तपासायच्या, यादी करायची, लहान गहाणदारांना सरकारने आपल्या तिजोरीतून किंमत द्यायची आणि मग लिस्बनशी खुशाल तीस वर्षे भांडायचे. भांडण्याची ताकद सरकारकडे असते, पाटल्यांच्या मालकिणीकडे नसते. तिच्याकडे कागद असतो. कागदाचे मोल आमच्या भागाला शिकवायला नको. आज बारामती तालुक्यात असलेल्या सुपे गावी १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते जाळली, ती उगीच नव्हे.

इंदापूरच्या मावशी २००१च्या गळीत हंगामात उसाचे बिल घेऊन आल्या. मध्ये एकदा कर्जाचे नूतनीकरण झाले होते. मुलगा सुखरूप होता, सुटीवर आला होता, सोबत उभा होता. सील फोडले, पाटल्या त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी त्या परत काट्यावर ठेवल्या आणि सराफाला म्हणाल्या, "माझ्यादेखत तोला."