वाटी संपलीच पाहिजे?

परवा घरी पाहुणे होते. आमची लेक आठ महिन्यांची. तिने चार-पाच चमचे खिमट खाल्लं आणि मान फिरवली. मी वाटी खाली ठेवली. झालं!

"अगं, अर्धी वाटी तशीच आहे की!"
"बाळसं कसं नाही धरलं गं हिने?"
"आमची मुलं या वयात दोन-दोन वाट्या खायची."
(आमच्या नात्यात सगळ्यांचीच मुलं दोन वाट्या खायची. एकही अपवाद नाही :))

मग एकीने तिचे हात धरले, दुसरीने गाल दाबून चमचा आत सारला. लेक ठसकली, रडली, आणि सगळं बाहेर. वर निदान काय? "पचत नाही वाटतं तिला!"

खरं सांगते, मागच्या महिन्यात मीही हेच करत होते. मोबाईलवर गाणी लावून, डोळा चुकवून घास भरवायचा. आठवडाभरात ती नुसती वाटी दिसली तरी रडायला लागली. तेव्हा कुठे माझे डोळे उघडले.

आता जरा हिशोब. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सहा महिने पूर्ण झाले की दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात करा आणि आठव्या महिन्यापर्यंत हळूहळू एका वेळी अर्ध्या कपापर्यंत, म्हणजे साधारण १२५ मिलीपर्यंत न्या. दिवसातून दोन-तीनदा. अंगावर पिणाऱ्या बाळाला या वयात वरच्या अन्नातून दिवसाला साधारण २०० कॅलरी पुरतात. दोन वाट्या कुठून आल्या?

आणि बाळसं! बाळाचं वजन पाचव्या महिन्याच्या आसपास जन्माच्या दुप्पट होतं, वर्षाने तिप्पट. म्हणजे ३ किलोचं बाळ पहिल्या पाच महिन्यांत ३ किलो वाढतं आणि पुढचे ३ किलो वाढायला त्याला सात महिने लागतात. वेग कमी होणारच. ते आजारपण नव्हे.

"एवढ्याशा जिवाला काय कळतं पोट भरलं ते?" हा ठेवणीतला प्रश्न. अहो, हेच बाळ अंगावर पिताना पोट भरलं की आपणहून सोडून देतं ना? तेव्हा कुणी गाल दाबत नाही. मग चमचा आला की त्याची अक्कल कुठे जाते?

आता दुसरी बाजू. कमी खाऊन बाळ खंगतं, हेही आपल्याच राज्यात घडतं. वजनाचा आलेख सपाट झाला, बाळ मलूल दिसलं, तर थेट डॉक्टरांकडे जावं. पण जी वाटी जबरदस्तीने संपवायची, त्यात बरेचदा वरणाचं वरचं पाणी असतं! पोट टम्म, पोषण नाममात्र. घास चमच्यातून ओघळणार नाही इतका दाट हवा, डाळ चांगली घोटलेली हवी, वर तूप हवं. काय द्यायचं आणि कधी द्यायचं ते आपण ठरवू. किती खायचं ते तिला ठरवू दे.

असो. मावश्यांनो, आत्यांनो, रागावू नका. पुढच्या वेळी चमचा तिच्या ओठांपाशी न्या आणि थांबा. तोंड उघडलं तर भरवा. नाही उघडलं तर वाटी माझ्याकडे द्या. खिमट मलाही आवडतं.